खाणीभोवतीची हाफ मॅरेथॉन

हाफ म्हणजे अर्धं आणि अर्धं म्हणजे थोडकं, अशी माझी आजवरची साधी समजूत होती. हाफ तिकीट पोरांचं, हाफ चहा घाईतल्या माणसाचा, हाफ डे ज्याला अख्खी रजा घ्यायची लाज वाटते त्याचा. त्यामुळे आमच्या सेजलने पणजीहून फोन करून, "बाबा, जानेवारीत आपल्या सुर्ल्याकडे ट्रेल हाफ मॅरेथॉन आहे, तुझं आणि आईचं नाव घालू?" असं विचारलं, तेव्हा मी मोठ्या उदारपणे म्हणालो, "घाल. फुल झेपायची नाही, पण हाफला काय होतंय?"

त्या वेळी माझ्या तोंडात बांगड्याचा तुकडा होता. माणसाने तोंडात घास असताना कुठलीही गोष्ट कबूल करू नये, हे मी आता अनुभवाने सांगतो.

दुसऱ्या दिवशी आमच्या हायस्कूलच्या ऑफिसात मी ही बातमी सहज म्हणून सोडली. मी तिथे हेडक्लार्क. हेडक्लार्कने सहज सोडलेली बातमी मधल्या सुट्टीपर्यंत पाचवीच्या वर्गात पोचते. संध्याकाळी घरी येतो तर शेजारचे बाबाजी सर आमच्या फाटकाला टेकून उभे. बाबाजी सर म्हणजे आमच्याच शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे शिक्षक. निवृत्तीनंतर त्यांनी चित्रं काढणं बंद केलं आणि सल्ले देणं पूर्ण वेळ सुरू केलं. बोलणं अगदी शुद्ध, पुस्तकी. डिचोलीच्या बाजारात कोळणीशीसुद्धा ते "या सुरमईचा दर आपण किती ठरवला आहे?" असं बोलतात आणि त्यामुळे नेहमी महाग घेऊन येतात.

"शंभू," ते म्हणाले, "अभिनंदन. एकवीस किलोमीटर हे काही लहान अंतर नव्हे."

"एकवीस कसलं?"

"अर्ध मॅरेथॉनचं. आणि ही ट्रेल आहे, म्हणजे रस्त्याने नव्हे. डोंगर, ओहोळ, काजूच्या बागा, खाणीची माती. काही ठिकाणी हात टेकून चढावं लागेल असं दिसतं."

मी घरात गेलो. रूपाली, म्हणजे माझी बायको, सोलकढीसाठी नारळ किसत होती. तिला मी एकवीस किलोमीटरचं सांगितलं. तिने नारळाची कवड फिरवली आणि म्हणाली, "म्हणजे डिचोलीतसून म्हापशाक जाऊन वर थोडा. नाव आता घातलासा तर घातलासा. तुमी धावा, मी मागसून चलान येतंय."

माघार घेण्याचा विचार माझ्या मनात आला नाही असं नाही. रात्रभर तोच आला. पण सकाळी शाळेत गेलो तर शिपायापासून मुख्याध्यापिकांपर्यंत सगळे माझ्याकडे अशा आदराने पाहत होते, की जो आदर मला इतक्या वर्षांत पगारपत्रकं वेळेवर काढूनही मिळाला नव्हता. तो सोडवेना.

सराव सुरू केला. पहाटे उठून, सेजलने पाठवलेली हाफ पँट घालून मी कॉलनीच्या रस्त्यावर उतरलो. मागे रूपाली, पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला गुंडाळलेली, हातात कुत्र्यांसाठी काठी. माझं धावणं आणि तिचं चालणं यांचा वेग जवळपास एकच होता, पण आवाजात फरक होता. मला धाप लागायची आणि ती मागून उद्याच्या भाजीबद्दल बोलायची.

आमच्याकडे माणूस उजाडताना धावला की त्याला कारण असावं लागतं. पहिल्याच दिवशी पाववाला पोदेर भोंगा वाजवत सायकलवरून समोर आला, मला पाहून थांबला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "किदें जालें, सर? कोण गेलो?"

"कोणी गेलं नाही. व्यायाम."

त्याचा विश्वास बसला नाही. पाट्या मागे सरकवून मला कॅरिअरवर जागा करत तो म्हणाला, "बसात फाटल्यान. हांव सोडटां." त्याला समजावण्यात आमची पाच-सात मिनिटं गेली. पुढच्या वळणावर दूधवाल्याने हॉस्पिटलात कोण आहे विचारलं. त्यापुढे एका ओळखीच्या बाईंनी आम्हाला खिडकीतून पाहताच गॅस बंद केला आणि साडीचा पदर नीट करत बाहेर आल्या, कारण त्यांना वाटलं आमच्यात काहीतरी झालं आणि आता आमच्याकडे जायला हवं. शेवटी मी बाजाराचा रस्ता सोडला आणि सर्वणच्या बाजूला शेतांतून धावू लागलो. तिथे फक्त बगळे होते. बगळे कोणाची चौकशी करत नाहीत.

सल्ल्यांचं तर विचारू नका. कोणी म्हणे तळपायाला खोबरेल चोळा, कोणी म्हणे अजिबात चोळू नका, घसराल. एकाने महिनाभर मासे सोडायला सांगितले, तेव्हा मात्र मी शर्यत सोडायला तयार झालो. बाबाजी सरांनी इंटरनेटवरून एवढी माहिती गोळा केली की ती सांगायला त्यांना रोज आमच्याकडे चहाला यावं लागे. धावताना श्वास नाकाने घ्यायचा, पाऊल कसं टाकायचं, चढावर हात कुठे ठेवायचे. हे सगळं खुर्चीत बसून. एक दिवस रूपालीने चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवत अगदी सरळ मनाने विचारलं, "सर, तुमका एवढा सगळा येता, मगे तुमीच कित्याक नाय धावणा?"

दुसऱ्या दिवशी बाबाजी सरांनी स्वतःचं नाव घातलं.

आता अडचण दाखल्याची. पन्नाशीवरच्या प्रत्येकाने डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणावं असा आयोजकांचा नियम होता. मी सरळमार्गी माणूस, एका सरकारी दवाखान्यात गेलो. कुठला ते सांगत नाही, तिथली माणसं वागायला चांगली होती. खिडकीतल्या कारकुनाने माझं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं.

"धावण्याचा दाखला नसतो," तो म्हणाला.

"मग कसला असतो?"

"आजारातून बरा झाल्याचा असतो. त्यात 'प्रकृती उत्तम, हरकत नाही' असं येतं. पण त्यासाठी आधी आजारी असावं लागतं."

"मी आजारी नाही."

"मग बरे कसे होणार?"

मी स्वतः कारकून आहे. दुसऱ्या कारकुनाचं म्हणणं नियमात बसणारं असलं की ते मला नाकारता येत नाही. डॉक्टरांनी छाती तपासली, रक्तदाब घेतला, ईसीजीची पट्टी काढली, सगळं ठीक आहे म्हणाले आणि कारकुनाच्या खिडकीची अडचण ओळखून शेवटी विचारलं, "अलीकडे काही तक्रार?" मी आठवून आठवून सांगितलं की चतुर्थीत पातोळ्या जास्त झाल्या होत्या आणि दोन दिवस पोट बिघडलं होतं. त्यांचा चेहरा उजळला. दाखला मिळाला.

शर्यतीच्या आदल्या दिवशी नंबर वाटप होतं. आयोजक गौरेश नावाचा सुर्ल्याचाच तरतरीत मुलगा. त्याने माझा दाखला हातात घेतला आणि मागच्या टेबलावर नोंद करणाऱ्याला ऐकू जावं म्हणून खणखणीत आवाजात वाचला: "जुलाबांतून पूर्ण बरे. धावण्यास हरकत नाही." रांगेतली माणसं सुशिक्षित होती. कोणी हसलं नाही. फक्त माझ्या मागची सगळी रांग एक पाऊल मागे सरकली.

शर्यत सर्वणहून निघायची होती. पहाट अजून फुटायची होती, वायंगणाच्या, म्हणजे उन्हाळी भाताच्या, शेतांवर धुकं एवढं दाट की समोरच्या माणसाच्या पाठीवरचा नंबर तेवढा दिसावा आणि माणूस नसावा. पणजी-मडगावची, काही बेळगावची सडपातळ मंडळी जागच्या जागी उड्या मारत होती. बाबाजी सर आले ते पांढऱ्या झळझळीत बुटांत. त्यांच्या मुलाने हे बूट फार वर्षांपूर्वी दुबईहून पाठवले होते आणि चांगल्या प्रसंगाची वाट पाहत ते कपाटात ठेवले होते. सर उपाशीही होते. हलक्या पोटी शरीर अधिक कार्यक्षम राहतं असं त्यांनी वाचलं होतं. त्यांना मधुमेह आहे ही गोष्ट लेख लिहिणाऱ्याला ठाऊक नसावी.

शिटी वाजली आणि सडपातळ मंडळी धुक्यात नाहीशी झाली. आम्ही तिघं मागे राहिलो. शेताच्या बांधावरून, मग ओहोळातून, मग काजूच्या बागांतून चढण लागली. काजूला मोहर आला होता. तो गोडसर, किंचित कडवट वास धुक्यात असा बसून राहिला होता की श्वास नाकाने घ्यावा की तोंडाने हा बाबाजी सरांचा विषय आपोआप मिटला. मी माझ्या घड्याळाकडे बघत धावत होतो, म्हणजे थोडं धावत आणि बरंच चालत. रूपाली मागून येत होती. नंतर ती शेजारी आली. मग थोडी पुढे. मी म्हटलं, हिला चढ लवकर संपवायचा असेल.

चढ संपला तिथे बंद खाणीचं लोखंडी फाटक होतं आणि फाटकात वॉचमन. खाण बंद पडून कितीतरी वर्षं झाली, पण वॉचमन आहे, आणि वॉचमन आहे म्हणजे रजिस्टर आहे. आयोजकांची परवानगी त्याने पाहिली होती, त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. पण फाटकातून आत जाणाऱ्या प्रत्येक माणसाने नाव, गाव, वेळ आणि कामाचं स्वरूप लिहिलंच पाहिजे असा त्याला वरून हुकूम होता. आम्ही पोचलो तेव्हा शर्यतीतली निदान तीस माणसं एकच पेन धरून ओळीत उभी होती. काही जण जागच्या जागी धावत होते. कामाचं स्वरूप या रकान्यात पहिल्याने 'धावणे' लिहिलं होतं आणि त्याखाली सगळ्यांनी "〃" अशा खुणा केल्या होत्या.

रूपालीने भराभर लिहिलं आणि म्हणाली, "मी हळूहळू पुढे होतंय." माझं झालं. मग बाबाजी सरांनी पेन हातात घेतलं. त्यांनी चाळीस वर्षं मुलांना सुलेखन शिकवलं आहे. घाईत लिहिणं त्यांना येत नाही. 'बाबाजी' या शब्दाच्या शिरोरेघेवरच एवढा वेळ गेला की मागून आलेले दोघे त्यांच्या हाताकडे बघत गप्प उभे राहिले. वॉचमनही वाकून बघत होता. शेवटी तो म्हणाला, "सर, माझा पण नाव एकदा असा काढून देशात?" सरांनी तेही काढून दिलं.

त्यानंतर आम्ही दोघे शर्यतीत शेवटचे होतो.

मार्ग दाखवायला झाडांना केशरी फिती बांधल्या होत्या. फाटकापासून थोडं पुढे जाईपर्यंत त्या नीट दिसत होत्या. मग एका वळणावर एक गाय उभी दिसली. तिच्या तोंडातून केशरी फितीचं शेवटचं टोक लोंबत होतं. ते आमच्यादेखत आत गेलं. पुढे दोन वाटा फुटत होत्या आणि दोन्ही वाटांवरची झाडं रिकामी होती.

"मार्गाचा नकाशा मी पाहिला आहे," बाबाजी सर म्हणाले. "डावीकडे."

चित्रकलेच्या माणसाला नकाशा सुंदर दिसतो, एवढंच त्यातून सिद्ध होतं. डावीकडची वाट चढतच गेली. दोन्ही बाजूंना ऑस्ट्रेलियन बाभळींचं जंगल, पायाखाली तांबडी, लोखंडासारखी जड माती. अर्ध्या चढावर सरांच्या उजव्या बुटाचा तळवा निघाला आणि वाटेतच मागे राहिला. पाठोपाठ डाव्याचा. इतकी वर्षं कपाटात राहून आतला डिंक वाळून गेला होता. दोन तळवे मातीत मागे, आणि सर वरचे दोन पांढरे झळझळीत भाग घालून पुढे. मी माझा रुमाल फाडला, त्यांनी टोपीची नाडी काढली आणि आम्ही ते तळवे पायाला बांधले. त्या अवस्थेत त्यांनी मला चढावर हात कुठे ठेवायचे हे पुन्हा एकदा सांगितलं.

आणि मग ते बोलायचे थांबले.

आधी मला बरं वाटलं. दहा-बारा पावलं गेल्यावर मात्र काहीतरी चुकतंय असं वाटू लागलं. बाबाजी सर गप्प आहेत आणि जागे आहेत, असं मी कधी पाहिलं नव्हतं. मागे वळलो तर त्यांचा चेहरा घामाने ओला आणि राखेसारखा झाला होता. हात कापत होते. "शंभू, मी जरा," एवढंच म्हणून ते खाली बसले.

फोन काढला, रेंज नाही. आजूबाजूला माणूस नाही. रूपालीने माझ्या कमरेच्या पिशवीत शेंगदाणे आणि गुळाचा खडा बांधून दिला होता. तो गूळ मी त्यांच्या तोंडात घातला, वर पाणी पाजलं, पुन्हा गूळ. त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर टेकवून बसलो. त्यांच्या छातीची धडधड माझ्या हाताला लागत होती. शेजारच्या या माणसाला मी रोज मनातल्या मनात किती वेळा गप्प राहायला सांगितलं असेल. आता मनातल्या मनात म्हणत होतो, सर, काहीतरी सांगा, सुरमईबद्दल सांगा.

थोड्या वेळाने त्यांच्या गालांवर रंग आला. कापरं थांबलं. ते म्हणाले, "गूळ सेंद्रिय दिसतो." मी सुटकेचा श्वास सोडला. नाकाने की तोंडाने ते आठवत नाही.

त्यांना जरा सपाट जागी बसवावं म्हणून बाभळींच्या पलीकडे नेलं, आणि तिथे झाडं एकदम संपली. आम्ही खाणीच्या काठावर उभे होतो.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. शाळेत लागायच्या आधी मी याच खाणीच्या कचेरीत होतो. कचेरी खाली, डिचोलीच्या बाजारात. रोज डोंगरावरून किती ट्रक उतरले, नदीतून किती बार्जेस मुरगावला गेल्या, बंदरात कुठलं जहाज भरलं, याचे आकडे मी वर्षानुवर्षं लिहिले. डोंगर माझ्यासाठी टनांत होता. वर येण्याचं काम कधी पडलं नाही. ट्रकांची धूळ तेवढी रोज माझ्या टेबलावर यायची आणि मी ती फडक्याने पुसायचो.

आता तो डोंगर जिथे होता तिथे काही नव्हतं. म्हणजे एवढं मोठं काही नव्हतं की ते नजरेत मावेना. समोरचा काठ दूर, धुक्यातून नुकताच वर येत असलेला. काठापासून खाली पायऱ्या, पण त्या माणसांच्या नव्हेत. एकेका पायरीवर आमची अख्खी कॉलनी बसली असती. जांभळ्या, तांबड्या, हळदीसारख्या, काही ठिकाणी नुसत्या काळ्या. ऊन एकेक पायरी उतरत चाललं होतं आणि उतरेल तिथली माती पेटल्यासारखी दिसत होती. सगळ्यात खाली पाणी. मोराच्या मानेचा जो रंग असतो तो, पण एवढा, आणि इतका स्तब्ध. पाण्यावर घारी फिरत होत्या. त्यांच्या पाठी मला दिसत होत्या. उभ्या जन्मात मी घारीचं पोटच पाहिलं होतं.

एवढं सगळं माझ्या हातच्या आकड्यांतून खाली गेलं होतं, ट्रकांतून, बार्जेसमधून, कुठल्याशा परदेशात. आणि त्या जागी पावसाने हे ठेवलं होतं. मला त्यात बरं-वाईट काही ठरवता येईना. मी तिथेच खाली बसलो. बाबाजी सर शेजारी बसले होते. त्यांनी नुसतं बोट उचललं, हवेत एक रेघ ओढल्यासारखं केलं आणि हात मांडीवर ठेवला.

तेवढ्यात समोरच्या काठाखालच्या पायरीवर काहीतरी हललं. पिवळा ठिपका. मुंगीएवढा. शर्यतीचा खरा मार्ग तिकडून होता, हे तेव्हा कळलं. तो ठिपका एका लयीत चालला होता, चढावर हळू होत नव्हता, उतारावर सैल होत नव्हता. एवढ्या मोठ्या पोकळीच्या काठाने एवढंसं माणूस धावतंय, आणि कुठेही घाबरलेलं नाही. मी मनात म्हटलं, बेळगावची कोणीतरी असणार. यांना लहानपणापासून सवय असते. काय सुरेख धावते.

बराच वेळ मी कौतुकाने बघत राहिलो. मग त्या ठिपक्याने धावता धावता कमरेची ओढणी सोडली, झटकली आणि पुन्हा आवळून बांधली.

ती झटकण्याची तऱ्हा मी रोज सकाळी आमच्या मागच्या दारात बघतो.

"शंभू," बाबाजी सर हळूच म्हणाले, "ती रूपाली ना?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, मी तिला बसमागे चार पावलं घाईने जातानासुद्धा पाहिलं नव्हतं. ती नेहमी वेळेच्या आधी निघते. दोन महिने ती माझ्या मागून येत होती आणि मी पुढे बघत होतो.

मी उठून उभा राहिलो, तसं तिचं लक्ष गेलं असावं. रिकाम्या काठावर उभा माणूस दुरूनही दिसतो. ती हळू झाली. मग थांबलीच. कपाळावर हात धरून आमच्या दिशेने बघू लागली. मी ओळखलं. आता ही चौकशीला येणार. पूर्ण काठाचा वळसा घालून, धापा टाकत, काय झालं, कुठे लागलं. हाक मारली असती तर ती आली असती, यात मला शंका नव्हती. आणि खरं सांगायचं तर हाक मारावीशी वाटत होती. आमच्याजवळ एक गुळाचा तुकडा, बुटांचे चार भाग आणि परतीचा रस्ता ठाऊक नाही, अशी अवस्था होती.

सरांकडे बघितलं. ते म्हणाले, "मी ठीक आहे. जाऊ द्या तिला."

मी दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि छातीत होता नव्हता तो सगळा जीव लावून ओरडलो, "थांबू नकोऽऽ!"

आवाज खाली गेला, पाण्यावर आपटला, पायऱ्यांवरून फिरून परत आला. घारी जरा वर सरकल्या. पलीकडे ती क्षणभर तशीच उभी राहिली. मग वळली आणि धावू लागली, आधीपेक्षा जोरात. वळणामागे दिसेनाशी होईपर्यंत मी बघत होतो. माझे डोळे भरून आले होते आणि त्याचं मला काही वाटलं नाही. आपल्या हातून आयुष्यात एक तरी मोठ्या मनाची गोष्ट झाली, असं मला त्या काठावर उभं राहून वाटलं.

बाकीचं थोडक्यात सांगतो. सरांना धरून, आलो त्या वाटेने आम्ही हळूहळू खाली उतरलो. गाय अजून तिथेच होती. फाटकात वॉचमनने बाहेर पडल्याची वेळ लिहायला लावली. या वेळी मी सरांना पेन दिलं नाही. मागे राहिलेल्यांना शोधायला गौरेश स्वतः जीप घेऊन निघाला होता, तो तिथे भेटला. त्याने सरांना जीपमध्ये घातलं, पाण्यात साखर विरघळवून दिली आणि मला म्हणाला, "काका, बसा तुम्ही पण." मी नाही म्हटलं. का म्हटलं ते सांगता येणार नाही. मी उरलेली वाट चालत, मध्येच जरा धावल्यासारखं करत पुरी केली. मोजमापाने माझी मॅरेथॉन हाफपेक्षा जास्त झाली की कमी, ते आजही कोणी सांगू शकत नाही.

सर्वणला पोचलो तेव्हा बक्षिसं वाटून झाली होती आणि दोन माणसं शेवटच्या रेषेवरची फुगवलेली कमान हवा काढून गुंडाळत होती. मला बघून ती संकोचली. एकाने कमानीचं लोळलेलं टोक हाताने वर धरलं. मी वाकून तिच्याखालून पलीकडे गेलो.

रूपाली मांडवात खुर्चीवर बसली होती, शेजारी बाबाजी सर अनवाणी. तिच्या गळ्यात पदक होतं, शिवाय हातात एक लहान पितळी समई. तिच्या वयाच्या बायकांत ती दुसरी आली होती. हे तिने सांगितलं नाही, सरांनी सांगितलं, आणि बरंच लांबवून सांगितलं. मला बघून ती उठली, पाव आणि उसळ घेऊन आली, माझे गुडघे, कोपरे, कपाळ सगळं नजरेनेच तपासलं आणि मी बसल्यावर समोर बसली. चेहरा उन्हाने आणि तांबड्या धुळीने माखलेला. डोळे इतके स्वच्छ की मला जरा बुजल्यासारखं झालं.

मी उसळीत पाव बुडवला. त्या मोठ्या मनाच्या गोष्टीचा विषय आपण स्वतः काढू नये असं ठरवलं होतं, पण राहवलं नाही. "खाणीकडे माझी हाक आयकलंस मगे?"

"आयकलंय तर. केदो मोठ्यान बोब मारल्यात."

"काय म्हटला मी, ता कळला?"

"कळला मां," ती म्हणाली. "थांब म्हटलात."

माझा पाव हातातच राहिला.

"मगे थांबलंस कित्याक नाय?" मी विचारलं.

तिने खरंच विचार केला. समई मांडीवर सरळ केली, तिच्यावरची धूळ ओढणीच्या टोकाने पुसली.

"थांबूचा असा वाटूक नाय," ती म्हणाली.